दहशतीची मुळे आणि मोहल्ल्याची राखण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कल्याणहून भिवंडीकडे निघालात की दुर्गाडी किल्ल्यापाशी खाडीवरचा पूल लागतो. पूल ओलांडला की कोन. दोन्ही हातांना चाळी, नव्या इमारती, गोदामे, जवळच सरवलीची औद्योगिक वसाहत आणि रस्त्यावर रात्रंदिवस कंटेनरची रांग. मी या गावात राहतो. पुण्याकडचे नातेवाईक पत्ता विचारतात तेव्हा 'कोन, तालुका भिवंडी' असे सांगितले की फोनवर क्षणभर शांतता पसरते. मग प्रश्न येतो, "तिकडे काही भीती-बिती नाही ना?" पूर्वी या प्रश्नाचा राग येई. आता मी म्हणतो, वेळ असेल तर नीट सांगतो.

कारण सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पुलाच्या पलीकडच्या तीरावर कल्याण आहे. २०१४ साली तिथले चार सुशिक्षित तरुण घरी चिठ्ठी ठेवून इराकला युद्धात सामील व्हायला निघून गेले. अलीकडच्या बाजूला भिवंडी आहे. १९७० आणि १९८४ साली दंगलींनी होरपळलेले हे शहर १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना शांत राहिले. आणि भिवंडी तालुक्यातच, नाशिक महामार्गावर, पडघा आहे. त्याच्या शेजारच्या बोरिवली गावात (हे मुंबईचे बोरिवली नव्हे) डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय तपास संस्थेने म्हणजे 'एनआयए'ने पहाटे छापे घातले. दहशतवादी टोळी कशी उगवते, कशी चालते आणि कशाने मोडते, याची बरीचशी उत्तरे या एवढ्या टापूत सापडतात.

आधी शब्दाविषयी थोडे. 'टेरर' हा शब्द राजकारणात रूढ झाला तो फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३-९४ च्या सुमारास, आणि तेव्हा दहशत बसवणारे सरकारच होते. सरकारविरुद्ध लढणाऱ्या गुप्त मंडळींनी हे हत्यार उचलले ते पुढच्या शतकात. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली डायनामाइटचे पेटंट घेतले आणि पिशवीत मावेल एवढ्या सामानात इमारत उडवण्याची ताकद आली. १८८१ मध्ये रशियातील 'नारोद्नाया वोल्या' या संघटनेने झार दुसरा अलेक्झांडर याला बाँब टाकून मारले. त्यांचे लक्ष्य राजा होते. विसाव्या शतकात हे लक्ष्य सरकत सरकत बाजारात, विमानात आणि लोकलच्या डब्यात बसलेल्या माणसापर्यंत आले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले गेले तेव्हा साऱ्या जगाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि प्रेक्षक जितके जास्त तितका आपला आवाज मोठा, हे या मंडळींना पक्के कळले. मरणाऱ्याशी मारणाऱ्याचे वैर नसते. तो निरोप असतो, आणि तो जिवंत राहिलेल्यांसाठी असतो.

महाराष्ट्राला हा निरोप मोठ्या आवाजात मिळाला १२ मार्च १९९३ रोजी. दोनेक तासांत मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले, २५७ माणसे गेली, सातशेहून अधिक जखमी झाली. शेअर बाजार, एअर इंडियाची इमारत, दादरचे पेट्रोल पंपाजवळचे गजबजलेले नाके. ही यादी अनेकांना पाठ आहे. पण मला त्या दिवसापेक्षा आधीचे दोन महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

स्फोटके आणि शस्त्रे समुद्रमार्गे आली. रायगडच्या किनाऱ्यावर दिघी आणि शेखाडी येथे जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये माल उतरला. तो उतरवणारी यंत्रणा जिहादी वगैरे नव्हती. सोन्याची बिस्किटे आणि चांदीच्या विटा उतरवण्याचा ज्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा होता, तीच ही साखळी. होड्या त्याच, ट्रक तेच, हमाल तेच, आणि डोळेझाक करण्याचे दरही ठरलेले. जानेवारीत एका रात्री पोलिसांनी गोंडघर फाट्यावर गाड्या अडवल्या होत्या. पैशाची बोली झाली आणि गाड्या सोडून दिल्या गेल्या. या प्रकरणी पोलीस आणि कस्टम खात्यातील माणसे पुढे न्यायालयात दोषी ठरली. त्यांतल्या सगळ्यांनाच ट्रकमध्ये काय आहे ते ठाऊक होते असे नव्हे. चांदीच असेल, नेहमीचीच असेल, असे मनाला समजावणे सोपे होते. परदेशातील सूत्रधार, पाकिस्तानात दिलेले शस्त्रप्रशिक्षण, हे सारे खरेच आहे. पण शेखाडी ते मुंबई हा रस्ता आपल्याच लोकांनी मोकळा करून दिला. दहशतवादी टोळीला गावात शिरण्यासाठी नवी वाट खणावी लागत नाही. लाचेची जुनी पायवाट तिला पुरते.

आता दुसरा प्रश्न. स्फोट घडवायला स्थानिक तरुण कसे तयार झाले? डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेली आणि त्यानंतर दोन टप्प्यांत मुंबईत दंगली झाल्या. सुमारे ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात मार्चचे बाँबस्फोट हे या घटनांची प्रतिक्रिया होते असा निष्कर्ष काढला. हे वाक्य उद्धृत करताना फार सांभाळावे लागते. एक बाजू त्यातून स्फोटांचे समर्थन शोधते, दुसरी बाजू ते वाक्य ऐकूनच घेत नाही. साधी गोष्ट अशी की दंगलीत ज्यांची घरे जळली, माणसे गेली, अशी हजारो कुटुंबे होती, हिंदूंची आणि मुसलमानांची. त्यांतल्या जवळजवळ कोणीही बाँब हातात घेतला नाही. जखम हजारोंना होते. त्या जखमेवर बोट ठेवून 'चल माझ्याबरोबर' म्हणणारा, प्रवासाचे तिकीट काढून देणारा, हत्यार पुरवणारा आणि पैसा मोजणारा कोणी येतो तेव्हाच टोळी उभी राहते. १९९३ मध्ये तो 'कोणी' तस्कर होता आणि त्याच्या पाठीशी परक्या देशातील यंत्रणा होती. म्हणून उपाय दोन टोकांना करावे लागतात. बोलावणाऱ्याला गाठायचे, आणि जखम होऊ द्यायची नाही.

जखम होऊ न देण्याचे काम भिवंडीत झाले होते, म्हणून तिच्याविषयी जरा सविस्तर सांगतो.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल उसळली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपाती तपासावर कडक ताशेरे ओढले. अहवाल कपाटात गेला. मे १९८४ मध्ये पुन्हा दंगल झाली, ती मुंबई-ठाण्यापर्यंत पसरली आणि अडीचशेहून जास्त माणसे बळी गेली. 'भिवंडी' हा शब्द दंगलीला पर्याय म्हणून वापरला जाऊ लागला तो तेव्हापासून. यंत्रमागांचे हे शहर. मागाचा मालक एका धर्माचा, कामगार दुसऱ्या, सुताचा व्यापारी तिसऱ्याच प्रांताचा. एक दिवस माग बंद पडला की सगळ्यांच्याच चुली थंडावतात, तरीही दंगल होत असे.

१९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण त्यांत बसत कोण? पुढारी, मौलवी, व्यापारी, म्हणजे चहापानाला बोलवावीत अशी मंडळी. दंगल भडकली की त्यांचे ऐकणारे गल्लीत कोणी नसे. खोपड्यांनी समिती मोहल्ल्यात नेली. दोन्ही समाजांची साधी माणसे, त्याच भागातील पोलीस, आणि नियमित बैठका. विषय काय, तर गल्लीतले किरकोळ तंटे, जे वेळीच मिटले नाहीत तर एखाद्या सणाच्या दिवशी धर्माचा झेंडा घेऊन उभे राहतात. यात दोन गोष्टी साधल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी एकमेकांना नावाने ओळखू लागले. आणि पोलीस हा फक्त काठी घेऊन येणारा माणूस न राहता रोजच्या ओळखीचा झाला. १९९२ साली खोपड्यांची बदली झाली तरी पुढच्या अधिकाऱ्यांनी समित्या चालू ठेवल्या. डिसेंबरमध्ये पन्नासेक किलोमीटरवर मुंबई जळत होती आणि भिवंडीत माग चालू होते. पुढे मुंबईतही हा प्रयोग उचलला गेला. ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला समित्यांची चळवळ तिथे उभी केली.

हे सगळे दंगलीविषयी झाले, दहशतवादाचे काय, असे कोणी म्हणेल. पण माहिती येते कुठून? टोळीला खोली लागते, वाहन लागते, सिमकार्ड लागते, कोणाच्या तरी घरी चार-आठ दिवस राहावे लागते. हे सगळे कोणाच्या तरी नजरेस पडते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कुलाब्याच्या मच्छीमार नगरात रबरी होडीतून दहा तरुण उतरले, तेव्हा किनाऱ्यावरच्या कोळी लोकांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. उत्तर आले, आपले काम करा. त्या रात्रीनंतरच्या तीन दिवसांत १६६ माणसे मारली गेली. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात केवळ लाठी असताना कसाबची बंदूक धरून ठेवली म्हणून तो जिवंत सापडला, आणि त्यामुळेच कटाची सूत्रे पाकिस्तानपर्यंत पुराव्यानिशी जोडता आली. ओंबळ्यांचे शौर्य आपण सर्व जण जाणतो. माझ्या मनात मात्र कुलाब्याचे ते कोळी राहून राहून येतात. 'काहीतरी खटकते आहे' एवढेच सांगायला ज्याच्याकडे निःशंकपणे जाता येईल असा ओळखीचा पोलीस प्रत्येक किनाऱ्यावर, प्रत्येक गल्लीत असला पाहिजे.

अशी ओळख एकदा जमली म्हणजे कायमची जमली असे नसते. हेही भिवंडीनेच दाखवले. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानालगतच्या जागेवर पोलीस ठाण्याची इमारत बांधण्यावरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि त्याच रात्री जमावाने दोन पोलिसांना ठार मारले. बैठका थंडावल्या होत्या, माणसे बदलली होती, आणि चौदा वर्षांपूर्वीची पुण्याई संपली होती. त्यानंतर सहाच दिवसांनी, ११ जुलै २००६ रोजी, मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण भिवंडीत त्या आठवड्यात पोलिसांशी मोकळेपणाने कोण बोलले असते?

लोकलमधल्या त्या स्फोटांत १८० हून अधिक प्रवासी गेले. तपासाची कथा त्याहून लांबली. २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष सोडले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत, बाँब कोणत्या प्रकारचा होता हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही, असे न्यायालय म्हणाले. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने, या निकालाचा दाखला अन्य खटल्यांत देता येणार नाही असा आदेश दिला, पण सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात धाडले नाही. मालेगावचेही तसेच. सप्टेंबर २००६ च्या स्फोटांनंतर दहशतवादविरोधी पथकाने नऊ मुसलमान तरुणांना धरले, आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपांतून मुक्त केले. सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा माणसे गेली. हिंदुत्ववादी गटांशी संबंध असल्याचा आरोप असलेल्या सात जणांवर खटला चालला, आणि ३१ जुलै २०२५ रोजी तेही पुराव्याअभावी सुटले.

आरोपी कोणत्या धर्माचे, यावर आपल्याकडे आनंद किंवा संताप ठरतो. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो चर्चगेटहून विरारकडे निघालेला आणि घरी न पोचलेला माणूस, आणि त्याची बायको. एकोणीस वर्षांनी तिच्या हाती काय आले? तपासात घाई झाली, मारून-मुटकून कबुली घेतली, की खरा गुन्हेगार सुटतो आणि निरपराध माणूस तारुण्य तुरुंगात घालवतो. आणि टोळीसाठी माणसे गोळा करणाऱ्याला आयती गोष्ट मिळते, 'बघ, तुझ्यासाठी इथे न्याय नाही.' टाडा कायदा १९८५ साली आला आणि १९९५ मध्ये संपला. त्याखाली पकडलेल्यांपैकी दोषी ठरलेल्यांचे प्रमाण अत्यल्प होते. कडक कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा अनुभव विसरू नये. उलट १९९३ च्या स्फोटांचा माग लागला तो वरळीला बेवारस सोडलेल्या एका मारुती व्हॅनवरून. गाडी कोणाची, हा साधा प्रश्न पोलिसांना माहीमच्या मेमन कुटुंबाच्या दारापर्यंत घेऊन गेला.

२६/११ नंतर यंत्रणा वाढली, हे मान्य केले पाहिजे. डिसेंबर २००८ मध्ये कायदा करून राष्ट्रीय तपास संस्था स्थापन झाली. मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा दलाचे केंद्र आले, राज्याने 'फोर्स वन' उभे केले, किनाऱ्यावर सागरी पोलीस ठाणी झाली. पण तोवर टोळ्यांची रीतही बदलली. पूर्वी तरुणाला गाठायला प्रत्यक्ष माणूस यावा लागे. नंतर ते काम खिशातला फोन करू लागला. पडघ्याच्या प्रकरणात जुने आणि नवे दोन्ही दिसते. मुंबई सेंट्रल, विलेपार्ले आणि मुलुंड येथे डिसेंबर २००२ ते मार्च २००३ या काळात झालेल्या स्फोटांच्या खटल्यात २०१६ साली दहा जण दोषी ठरले. त्यांतला एक बोरिवली गावचा. शिक्षा भोगून तो परत आला. ९ डिसेंबर २०२३ च्या छाप्यांत पंधरा जणांना अटक झाली, त्यात तोही होता. ही मंडळी 'इसिस'शी निष्ठेची शपथ देत होती आणि त्यांनी गावाला 'मुक्त प्रदेश' जाहीर केले होते, असा एनआयएचा आरोप आहे. त्या माणसाचा जून २०२५ मध्ये कोठडीत असताना दिल्लीच्या रुग्णालयात मृत्यू झाला. आरोप खरे की खोटे हे न्यायालय ठरवील. पंधरा जणांच्या अटकेनंतर साऱ्या गावाच्या नावावर शिक्का बसला, हे मात्र ठरवायला न्यायालयाची वाट कोणी पाहिली नाही.

आमच्या कोनसारख्या गावात हा प्रश्न रोजचा आहे. गोदामांत आणि मागांवर कामाला येणारा माणूस उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगण, कुठूनही येतो. खोली भाड्याने दिली की भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते. मी पूर्वी दुसऱ्या गावी राहत असताना एकदा असा कागद भरून दिला होता. काही महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी गेलो तर तेच कागद दाराशी गठ्ठ्याने बांधून पडलेले. ज्याला माहिती हवी असते तो ती वाचतो. नुसता नियम पाळायचा असेल तर गठ्ठा बांधला की पुरते. आणि परप्रांतातून आलेल्या प्रत्येक माणसाकडे चोरासारखे पाहिले, तर उद्या त्याच्या शेजारच्या खोलीत काही वावगे दिसल्यावर तो तुमच्याकडे येणार आहे का?

आता कल्याणच्या त्या चार तरुणांची गोष्ट पुरी करतो. मे २०१४ मध्ये ते यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला उतरले आणि तिथून निसटून मोसुलकडे गेले. त्यांना कोणी दंगलीत घरातून हाकलले नव्हते. अभियांत्रिकी शिकणारी, बऱ्या घरची मुले. जखम दुसऱ्याची, दूरच्या देशातली, आणि ती पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहून स्वतःची मानलेली. चिठ्ठी हाती पडल्यावर त्यांच्या घरच्यांनी दार लावून घेतले नाही. ते पोलिसांकडे गेले. नोव्हेंबरमध्ये त्यांच्यातला एक जखमी होऊन परत आला, आणि त्याला आणण्यात वडिलांचाच हात होता. लढाई कसली, मला पाणी भरायला आणि संडास साफ करायला ठेवले होते, असे त्याने तपास अधिकाऱ्यांना सांगितल्याचे तेव्हा छापून आले. पुढे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने अशा वाटेवर पाऊल टाकलेल्या तरुणांना पकडण्याऐवजी घरच्यांना आणि मौलवींना बरोबर घेऊन समजावण्याचे काम सुरू केले. ते काम ज्यांना कळले ते प्रामुख्याने आईवडिलांकडूनच, कारण मुलगा रात्रभर काय पाहतो हे घरालाच आधी दिसते.

परतलेल्या त्या तरुणावर खटला उभा राहिला. पाच वर्षे उलटली तरी शंभराहून अधिक साक्षीदार तपासायचे बाकी होते. तुरुंगात राहून तो कायदा शिकला आणि न्यायालयात स्वतःची बाजू स्वतःच मांडू लागला. खटल्याला झालेल्या विलंबावर बोट ठेवून मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा जामीन कायम केला. अट अशी घातली की त्याने कल्याणमध्येच राहावे आणि पोलीस ठाण्यात ठरल्या वेळी हजेरी लावावी.